ठराव आपला, तर टायपिंगही आपलंच : गुगल डॉक्समध्ये मराठी कशी बसवायची



गेल्या दोन महिन्यांत मी ज्या ज्या ग्रामसंघाच्या बैठकीला गेले, तिथे एक प्रश्न हमखास आला. "मॅडम, ठराव आपला आपण टाइप करता येतो का? की तालुक्यालाच जावं लागतं?" विचारणाऱ्या ताईच्या हातात मोबाईल असतो. त्याच मोबाईलवरून ती रोज व्हॉट्सॲपवर गटाला मराठीत मेसेज टाकते. हप्ता कोणाचा राहिला, बैठक किती वाजता, सगळं मराठीत. पण ठराव, प्रस्ताव, मालाची माहिती म्हटलं की पायाखाली एसटी आणि हातात डीटीपीवाल्याचं बिल.

करता येतं. पैसे न देता, कुठलंही सॉफ्टवेअर विकत न घेता. गुगल डॉक्स नावाची एक कोरी वही इंटरनेटवर आहे. जीमेलचं खातं असलं की ती मिळतेच. फाइल एका संगणकात अडकून राहत नाही, खात्यात राहते. सकाळी मोबाईलवर लिहिलेलं दुपारी ग्रामपंचायतीतल्या संगणकावर उघडता येतं. सेव्ह करायला विसरलात तरी लिहिलेलं आपोआप साठत जातं.

फक्त या वहीला एकदा मराठीची ओळख करून द्यावी लागते. ती कशी करून द्यायची, त्यासाठी हा लेख. पण त्याआधी जुनी पद्धत नेमकी कुठे घात करते ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

पोटात एक, तोंडावर एक

आपल्या भागातल्या एका ग्रामसंघाने डाळ मिलचा प्रस्ताव केला होता. तालुक्याच्या दुकानात टाइप झाला, कागदावर छान छापून आला, सह्या-शिक्के झाले. मग पुढच्या कार्यालयाने सांगितलं की फाइल मेलवर पाठवा. फाइल गेली. तिकडून फोन आला की यात मराठी कुठेच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ आहे. लेखापाल ताई पुन्हा तालुक्याला गेल्या. तिथले दादा म्हणाले, आमच्याकडे तर बरोबर दिसतंय. दोघंही खरंच बोलत होते! यात ताईंचे तीन दिवस आणि दोन फेऱ्यांचं भाडं गेलं, आणि अर्जाची मुदत अगदी तोंडावर आली.

असं का होतं? बरेच डीटीपीवाले कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे जुने फॉन्ट वापरतात. फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण. या जुन्या फॉन्टमध्ये एक युक्ती केलेली असते. संगणकाला इंग्रजी अक्षरंच दिली जातात, पण दाखवताना त्यांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं दाखवली जातात. उदाहरण आपल्या रोजच्या शब्दाचं घेऊ. कृतिदेवमध्ये 'बचत' लिहायचं तर सी, पी, आर ही तीन बटणं दाबायची. स्क्रीनवर दिसतं बचत. पण संगणकाच्या पोटात साठलेलं असतं सी, पी, आर. ज्याच्याकडे कृतिदेव आहे त्याला बचत दिसते, ज्याच्याकडे नाही त्याला सीपीआर. पोटात एक आणि तोंडावर एक, असा हा मामला.

यावर उपाय म्हणून युनिकोड आलं. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, असं त्यामागचं तत्त्व. जसा आधार क्रमांक. तुम्ही माहेरी जा, सासरी जा, क्रमांक तोच. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि आपली देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. म्हणजे युनिकोडमधला 'ब' हा पोटातही 'ब'च असतो. फॉन्ट कुठलाही लावा, वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही.

आणि आनंदाची गोष्ट म्हणजे तुम्ही युनिकोड रोज वापरता. व्हॉट्सॲपवर तुम्ही जे मराठी लिहिता ते युनिकोडच. म्हणून तर तुमचा मेसेज पुण्यातल्या भाच्यालाही वाचता येतो आणि दुबईतल्या दिरालाही.

यातूनच एक सोपी परीक्षा निघते. कोणी तुम्हाला टाइप केलेली फाइल दिली तर त्यातली एक ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, पुढे कुठेही पाठवा. इंग्रजी भेळ दिसली तर जुना फॉन्ट आहे. पैसे देण्याआधी दुकानातच ही परीक्षा करायची. (दुकानदार कंटाळतात, पण करतात.)

भेळ हा एक आजार झाला. आणखी दोन दिसतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फाइल ठीक असते, फक्त समोरच्या यंत्रात देवनागरीचा फॉन्ट नसतो. दुसऱ्या यंत्रावर उघडा, दिसेल. आणि अक्षरं बरोबर पण जोडाक्षरं फुटलेली, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर, असं दिसलं तर ज्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तो जुना आहे, त्याला आपली जोडाक्षरं मांडता येत नाहीत. या दोन्ही वेळी पुन्हा टाइप करण्याची काहीच गरज नसते. भेळ झाली तरच खरी अडचण.

चार वेगळ्या गोष्टी, चार वेगळ्या जागा

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक ताई म्हणाल्या, "मी सगळं मराठी केलं तरी इंग्रजीच उमटतंय." त्यांनी मेनू मराठी केला होता, कीबोर्ड नाही. तर या चार गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी डोक्यात बसवा.

मेनूची भाषा ही दुकानाची पाटी. फाइलची भाषा म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं 'विषय : मराठी'. कीबोर्ड म्हणजे हातातलं पेन. आणि फॉन्ट म्हणजे वळण. पाटी मराठी केली म्हणून पेन मराठी होत नाही. पाटी इंग्रजी ठेवूनही आतलं सगळं मराठीत लिहिता येतं.

पाटीचं आधी उरकून टाकते. गुगलच्या खात्यात 'पर्सनल इन्फो' मध्ये 'लँग्वेज' आहे, तिथे मराठी केलं की मेनू मराठीत येतात. माझं मत विचाराल तर ज्या ताईंना इंग्रजी मेनूची थोडी सवय झाली आहे त्यांनी ते तसेच ठेवावेत. कारण अडल्यावर आपण मुलाला नाहीतर सीआरपी ताईला फोन करतो आणि तिकडून सांगणारी 'फाइल वर जा, टूल्स वर जा' असंच सांगते. अगदी नव्याने शिकणारीने मात्र मराठी मेनूच घ्यावा. खाली मी इंग्रजी मेनूची नावं दिली आहेत.

आता फाइलची भाषा. संगणकावर क्रोममध्ये डॉक्स डॉट गुगल डॉट कॉम उघडा, नवीन कोरी फाइल घ्या. वर डावीकडे 'फाइल' दाबा, खाली यादीत 'लँग्वेज' आहे, त्यात मराठी निवडा. हे केल्यावर वरच्या पट्टीत एक छोटं चिन्ह येतं, त्याच्या शेजारी खाली जाणारा बाण. स्क्रीन लहान असेल तर ते चिन्ह पट्टीच्या टोकाला तीन ठिपक्यांच्या आत लपलेलं असतं, तिथे पाहा. हेच आपलं पेन बदलायचं ठिकाण. बाण दाबून मराठी निवडा. मग इंग्रजी अक्षरांत 'बचत' असं उच्चाराप्रमाणे टाइप केलं की शब्दाखाली चार-पाच पर्याय दिसतात. हवा तो निवडला की तो उमटतो. मध्येच इंग्रजी शब्द हवा असेल तर चिन्ह एकदा दाबून बंद करा, लिहा, पुन्हा चालू करा.

दर वेळी हे सगळं करत बसू नका. एकदा एक फाइल नीट तयार करा. भाषा मराठी, फॉन्ट ठरलेला, वर ग्रामसंघाचं नाव, गाव, तालुका, नोंदणी क्रमांक, खाली सह्यांच्या जागा. नाव द्या 'कोरा ठराव'. प्रत्येक बैठकीला ती उघडायची, 'फाइल' मध्ये जाऊन 'मेक अ कॉपी' करायची आणि त्या कॉपीत लिहायचं. मूळ कोरा ठराव कोराच राहतो.

ज्यांच्याकडे विंडोज संगणक आहे आणि इंटरनेट अधूनमधून जातं त्यांनी कीबोर्ड विंडोजमध्येच बसवून घ्यावा, म्हणजे डॉक्सच नाही तर कुठेही मराठी उमटेल. मे २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक नावाचा कीबोर्ड आतच दिलेला आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या जागी मराठी जोडायची, तिच्या पर्यायांत मराठी फोनेटिक निवडायचा. मग विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी.

आणि एक इनस्क्रिप्ट. हा सरकारी मान्यतेचा कीबोर्ड आहे. यात उच्चाराचा संबंध नाही, प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. शिकायला आठ-दहा दिवस जातात, पण एकदा हात बसला की पर्याय निवडत बसावं लागत नाही, जे दाबाल तेच उमटतं. त्याची आणखी एक गंमत आहे. 'क' ची जागा मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू सगळीकडे एकच. ज्या मुलींना पुढे ऑफिसात काम करायचं आहे त्यांना मी हाच शिका म्हणते. बाकीच्यांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायला काहीच हरकत नाही.

मोबाईलवर, आणि टाइप न करताही

आपल्यापैकी बहुतेकींचा संगणक म्हणजे मोबाईलच. प्ले स्टोअरवरून गुगल डॉक्स घ्या. मोबाईलवर कीबोर्ड डॉक्सचा नसतो, मोबाईलचा असतो. अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक वेळा जीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस', मग 'ॲड कीबोर्ड', मग मराठी. तिथे पुन्हा प्रकार विचारतो. एकात देवनागरी अक्षरं समोर दिसतात. एकात इंग्रजी अक्षरं दाबून मराठी शब्द मिळतो. आणि एक आहे हाताने लिहायचा.

हा हाताने लिहायचा प्रकार फार कमी जणींना माहीत आहे, आणि माझ्या मते आपल्या गटांसाठी तोच सगळ्यात कामाचा आहे. ज्या वयस्क ताईंचं वहीतलं अक्षर मोत्यासारखं, पण बटणं शोधताना जीव मेटाकुटीला येतो, त्यांनी स्क्रीनवर बोटाने लिहायचं. खाली लिहिलेला शब्द वर टाइप होऊन येतो. आमच्या एका प्रशिक्षणात साठीच्या पुढच्या एका सचिव ताईंनी अशा रीतीने अख्खं इतिवृत्त लिहिलं. शेजारच्या तरुण सुना अजून पहिल्या मुद्द्यावर होत्या.

दुसरा मार्ग बोलण्याचा. मोबाईलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतंच. संगणकावर क्रोममध्ये डॉक्सच्या 'टूल्स' मध्ये 'व्हॉइस टायपिंग' आहे, त्यात भाषा मराठी निवडायची आणि बोलायचं. मात्र बैठक चालू असताना माइक लावू नका, दहा जणी एकदम बोलतात तेव्हा त्यातून काय उमटतं ते वाचून हसून हसून पुरेवाट होते. बैठक झाल्यावर एकीने शांतपणे, वाक्य वाक्य करून सांगायचं. विरामचिन्हं आणि नवीन ओळ आपण हाताने द्यायची.

फोनवर आधीच हिंदी कीबोर्ड असेल तर "देवनागरीच आहे की, चालेल" असं म्हणू नका. लिपी एक असली तरी तो शब्द हिंदी सुचवतो. 'आहे' लिहायला जावं तर 'है' पुढे करतो. मराठीचा वेगळा जोडा. कीबोर्ड बदलायला स्पेसचं बटण दाबून धरलं की यादी येते.

ज्या गावांत घरात दुसरी भाषा आहे तिथेही हेच. अहिराणी, कोरकू, गोंडी देवनागरीत लिहायची असेल तर मराठीचाच कीबोर्ड चालतो, फक्त सुचवलेले शब्द बाजूला सारून आपला शब्द अक्षर अक्षर लिहायचा. अक्कलकोट, जतकडे कन्नड आणि सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांनी त्याच ठिकाणी कन्नड किंवा तेलुगू कीबोर्ड जोडायचा. एकाच फाइलमध्ये वर मराठी आणि खाली कन्नड, दोन्ही नीट राहतं, कारण दोन्हीला युनिकोडचे आपापले क्रमांक आहेत.

नावं, ऱ्य आणि आकडे

इथे थोडं थांबून वाचा, कारण पैशाचा संबंध इथेच येतो.

उच्चाराप्रमाणे टाइप करताना यंत्र जो शब्द पहिला देतं तो आपल्या सभासदाचं नाव असेलच असं नाही. सुनिता आणि सुनीता, दोन्ही बरोबर, पण आपल्या ताईच्या पासबुकात एकच आहे. ठरावात पहिली वेलांटी, पासबुकात दुसरी, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, असं झालं की कर्जाच्या कागदावर प्रश्न निघतो. म्हणून गटाच्या सगळ्या सभासदांची नावं एकदा पासबुक आणि आधार समोर ठेवून, प्रत्येकीला दाखवून, एका फाइलमध्ये नीट लिहून ठेवा. मराठीत आणि शेजारी इंग्रजीत. पुढे कुठेही नाव लागलं की तिथून कॉपी करायचं, नव्याने टाइप करायचं नाही. हे काम कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं आहे.

मग ऱ्य. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'पदाधिकाऱ्यांची' हे शब्द आपल्या प्रत्येक ठरावात येतात. तिथला अर्धा र हा 'सूर्य' मधल्या रफारासारखा नाही. आचाऱ्यास बोलावलं तर स्वयंपाकी येईल, आचार्यास बोलावलं तर गुरुजी! ही गंमत मराठीत आहे, हिंदीच्या कीबोर्डला तिचं महत्त्व नाही. यासाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ऱ वेगळा दिला आहे. त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य लिहायचा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. उच्चाराच्या कीबोर्डवर यादीतून बरोबर शब्द निवडायचा, पहिला आला तो घ्यायचा नाही.

शब्दाखाली लाल रेघ आली तर घाबरू नका. यंत्राला तो शब्द माहीत नाही एवढाच तिचा अर्थ. कुरडया, सांडगे, खुरासणी हे आपल्याला माहीत आहेत, पुरे.

पूर्णविरामाचंही सांगते. काही कीबोर्ड वाक्याच्या शेवटी उभा दंड देतात. मराठीत आपण टिंब देतो, तेच द्या.

आकडे ठरावात मराठी लिहा, छान दिसतात. पण हिशेबाचा तक्ता गुगल शीट्समध्ये करत असाल तर तिथे आकडे इंग्रजीच टाका. मराठी आकडा तिथे नुसता शब्द म्हणून धरला जाऊ शकतो आणि बेरजेतून गळतो. बचतीच्या तक्त्यात पन्नास जणींचे शंभर-शंभर रुपये आणि खाली बेरीज कमी, असं झालं तर बिचारी लेखापाल ताई बोल खाते. शीर्षकं, नावं मराठी, आकडे इंग्रजी, हा नियम ठेवा.

वळण

डॉक्सच्या फॉन्टच्या यादीत वर 'मोअर फॉन्ट्स' आहे. तिथे लिपी निवडायची सोय आहे, देवनागरी निवडा. मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी हे स्वच्छ आणि सरळ आहेत. ठरावासाठी मुक्ता घ्या. मालाच्या पाटीसाठी, बॅनरसाठी बलू आहे, जाडजूड आणि गोल, लांबून वाचता येतो. मुक्ता आणि बलू दोन्ही मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले आणि फुकट आहेत. तिरो देवनागरी मराठी नावाचा एक आहे, पुस्तकासारखा. त्यात हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा केलेला आहे, कारण आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. शाळेत गिरवलेला ल तुम्हाला त्यात दिसेल.

एका फाइलमध्ये दोनच फॉन्ट. पाच-पाच फॉन्ट लावले की ठराव लग्नपत्रिकेसारखा दिसतो.

पाठवताना

नुसतं वाचायला किंवा छापायला द्यायचं असेल तर 'फाइल' मधून 'डाउनलोड' आणि मग पीडीएफ. पीडीएफ कुठेही तशीच्या तशी दिसते. पण समोरच्याला त्यात भर घालायची असेल किंवा मजकूर उचलायचा असेल तर पीडीएफ देऊ नका, कारण पीडीएफमधून मराठी कॉपी करताना मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. तेव्हा 'शेअर' मधून फाइलच द्या. देताना तीन हक्क असतात : फक्त पाहणे, सूचना लिहिणे, बदल करणे. बाहेरच्यांना फक्त पाहण्याचा. ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांना सूचना लिहिण्याचा. बदल करण्याचा हक्क सचिव आणि लेखापाल, दोघींनाच. कोणी काय बदललं ते 'व्हर्जन हिस्टरी' मध्ये तारखेसह दिसतं, त्यामुळे "हे मी लिहिलंच नव्हतं" या वादाला जागा राहत नाही.

खातं कोणाच्या नावाचं, हे मी प्रत्येक बैठकीत विचारते आणि कधी कधी उत्तर मिळतं, "ह्यांच्या मोबाईलवर आहे." ह्यांच्या नको. ग्रामसंघाच्या नावाचं वेगळं खातं काढा, त्याला पदाधिकारी ताईचा नंबर जोडा, आणि पदाधिकारी बदलल्या की शिक्का आणि चेकबुकाबरोबर पासवर्डही बैठकीत हस्तांतरित करून इतिवृत्तात नोंद घ्या. सेवा केंद्राच्या संगणकावर काम केलंत तर उठताना खात्यातून बाहेर पडा.

विक्रीसाठी माल नेणाऱ्या गटांना आणखी एक उपयोग आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये येणारं गिऱ्हाईक सगळंच मराठी वाचणारं नसतं. मराठी माहितीपत्रक तयार झालं की 'टूल्स' मध्ये 'ट्रान्सलेट डॉक्युमेंट' आहे, ते हिंदी किंवा इंग्रजीत वेगळी कॉपी करून देतं. मूळ फाइलला धक्का लागत नाही. ती कॉपी जशीच्या तशी छापू नका, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, विशेषतः पदार्थांची नावं. कुरडईचं भाषांतर करायचं नसतं, कुरडईच लिहायचं, फक्त इंग्रजी अक्षरांत. आणि खाण्याच्या वस्तूच्या पाकिटावरची माहिती नियमाप्रमाणे इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावीच लागते. मराठी त्यासोबत लिहिता येते, तिच्या जागी नाही. नुसती मराठी छापून हजार पाकिटं तयार करून बसू नका.

जुन्या फाइलींचं काय

ज्या ग्रामसंघांकडे चार-पाच वर्षांचे ठराव जुन्या फॉन्टमध्ये आहेत त्यांना ते युनिकोडमध्ये बदलता येतात. त्यासाठी इंटरनेटवर फुकट साधनं आहेत. जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, कुठल्या फॉन्टचा ते सांगायचं, दुसऱ्या चौकटीत युनिकोड मिळतं. मिळालेलं डॉक्समध्ये चिकटवून वाचून काढा. ऱ्य, क्ष, ट्र, रफार आणि आकडे या ठिकाणी गडबड सापडते. रक्कम आणि नावं मूळ छापील कागदाशी ताडून पाहायचीच. सगळंच बदलत बसण्यात मात्र अर्थ नाही. चालू कर्जाचे, जागेचे, यंत्रसामग्रीचे ठराव बदला, बाकीचे कागद कपाटात आहेत तिथे बरे आहेत.

बदललेल्या फाइलीत शोधता येतं, हा त्याचा मोठा फायदा. संगणकावर कंट्रोल धरून एफ दाबायचं आणि नाव टाइप करायचं, त्या ताईंचं नाव जिथे जिथे आलं आहे ती प्रत्येक ओळ पुढे येते. तीन वर्षांपूर्वी अमुक ताईंना शेळीसाठी कर्ज मंजूर झालं तेव्हा व्याज किती ठरलं होतं, याचं उत्तर भांडण न होता अर्ध्या मिनिटात मिळतं. जुन्या फॉन्टच्या फाइलीत तेच नाव शोधलं तर काही सापडत नाही, कारण तिच्या पोटात ते नाव नसतंच.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीनंतर दुपारी दोन तास यासाठी ठेवले आहेत. येताना चार्ज केलेला मोबाईल, जीमेलचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी आणि गटातल्या सभासदांच्या पासबुकांच्या पहिल्या पानाच्या झेरॉक्स आणा. नावांची फाइल तिथेच बसून करू.